थोरलीचं बोट

निम्म्यावर उतरलेल्या क्रीमच्या पांढऱ्या सपाटीत एक खळगी होती — एका बोटाने उचललेली, शेवटाला किंचित वळलेली, घाईने नव्हे, सावकाश, आवडीने घेतल्यासारखी — आणि भाग्यश्री डबीचं झाकण हातात धरून मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या तिच्याकडे बघत राहिली. बोट लांब होतं. म्हणजे माझं नव्हे, हे तिला आधी कळलं आणि भीती नंतर वाटली. माझी बोटं आखूड, फुगीर; बांगड्या भरताना कर्जतची कासारीण दर वेळी हसते, हात हाय का पुऱ्या गं. त्यातलं एकही बोट या खळगीत बसणार नाही... तिने न टेकवता, वरच्यावर धरून पाहिलं. नाही बसलं.

काल झाकण उघडून पाहिलं तेव्हाही खळगी होती, पण एवढी नव्हती. त्याच्या आधीचं शपथेवर सांगता येईना. डबी कंपनीकडून जाहिरातीसाठी कुरियरने आली तेव्हा तिने ती देव्हाऱ्याच्या फळीवर थोरलीच्या नावाने ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग लावायला म्हणून तिथून उचललीच नाही. उचलायची होती. रोज झोपताना तोंड धुऊन लावायची, महिनाभर लावायची, आणि मगच कॅमेऱ्यासमोर बसून ‘मी स्वतः वापरते’ म्हणायचं, असा तिचा आपला नेम होता — कंपनीचा नव्हे, तिचा. पण रोज काहीतरी निघायचं. वालाच्या शेंगा सोलायच्या असायच्या, नवऱ्याची, रूपेशची, खोपोलीच्या कारखान्यात रात्रपाळी असायची, डबा करून देता देता डोळा लागायचा. आज शूटिंग. आज संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पाठवायचा, आणि हात न लावलेली डबी निम्मी संपलेली.

बरं, संपली तर संपली, उंदरांनी खाल्ली म्हणता आलं असतं. पण माझ्या गालावरचे वांग गेले होते, त्याचं काय करायचं? नाकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले ते तपकिरी डाग, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आलेले, हळद झाली, मसूर झाले, जायफळ उगाळून झालं, हटले नाहीत, आणि आता गेल्या दोन-चार व्हिडिओंखाली बायका लिहीत होत्या, ताई चेहरा किती उजळला, ताई काय लावता सांगा ना. एकीने तर लिहिलं होतं, ताई तुम्ही अलीकडे वेगळ्याच दिसता. त्या वाक्यापुढे तिने हसणारं तोंड टाकलं आणि फोन पालथा ठेवला. काय उत्तर देणार, कपाळ?

‘भाग्यश्रीचं मागलं दार’ असं तिच्या चॅनेलचं नाव. पळसदरीच्या या घरात तिने मांडलेलं असं काही नव्हतंच. ओटी सासूची, स्वयंपाकघर थोरलीने लावलेलं, डबे थोरलीच्या क्रमाने, पळीची कडसुद्धा उलट्या बाजूने झिजलेली, कारण थोरली डावखुरी होती आणि सहा-सात वर्षं ती याच पळीने कढई खरवडत होती. त्या पळीने ढवळताना भाग्यश्रीच्या मनगटाला अजून अवघड जायचं. मागलं दार तेवढं कुणाचं नव्हतं. तिथे गवताचे भारे, फुटकी बादली, आणि शेतापलीकडे घाट चढणारी आगगाडी. म्हणून तिने तिथे, पाटीवर पाटी ठेवून, त्यावर फोन टेकवला आणि बोलायला लागली... आणि लोक ऐकायला आले! पहिल्यांदा कुणीतरी भाग्यश्रीला भाग्यश्री म्हणून विचारत होतं. रूपेशची दुसरी म्हणून नाही. त्या दिवसाचा आनंद तिला आजही आठवला की पोटात गुदगुल्या होतात, लहान पोरीसारख्या.

थोरली म्हणजे श्रद्धा. रूपेशची पहिली बायको, शेलूची. काविळीत गेली तेव्हा त्यांची रिया बालवाडीत होती. वर्ष झाल्यावर पोशीरहून भाग्यश्रीला करून आणली. लग्नात मंगळसूत्राच्या आधी सासूने काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक तिच्या गळ्यात बांधला होता — नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, दोन हात, दोन पाय, नाक ना डोळे — आणि कानाशी लागून म्हणाली होती, "ही थोरली. घरात नवीन येईल ते आदी हिला दाखवायचं. लुगडं असो, भांडं असो, रानातली पयली भाजी असो. मंग आपलं." भाग्यश्रीने मान हलवली. सवतीचा टाक घालणाऱ्या बाया तिने पोशीरलाही पाहिल्या होत्या, त्यात नवल नव्हतं. नवल एवढंच की पत्रा थंड लागला नाही. कुणाच्या तरी मुठीतून नुकताच काढल्यासारखा कोमट होता.

सासू, जनाबाई, अंगणात उन्हाला पाठ देऊन वाल सोलत होती. भाग्यश्री डबी घेऊन तिच्यापुढे गेली.

"आत्या, ही डबी तुमी उघडली व्हती का?"

"मी कशाला उघडू? त्यो चुना तोंडाला फासून मला काय आता तमाशात नाचायचं हाय?"

"मंग कमी कशी झाली?"

"थोरलीम्होरं ठेवली व्हतीस ना?"

"व्हय."

"मंग?" म्हणाली जनाबाई, आणि शेंगेतला दाणा सुपात टाकला. मग वर न बघता, "लुगडं तर तू तिच्या अंगावरचं काडून नेलंस. डबी तरी लावू दे बिचारीला."

लुगडं. सासू ते विसरणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही कुठे विसरले होते. एका साडीवाल्या कंपनीने जांभळी साडी पाठवली होती, हिरव्या काठाची, हातात घेतली की निसटून जाईल अशी मऊ. भाग्यश्रीने ती रीतीप्रमाणे पाटावर घडी करून ठेवली, वर टाक ठेवला, कुंकू लावलं, थोरलीला नेसवली, मग स्वतः नेसून व्हिडिओ केला. कमेंटींचा पाऊस पडला. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कुरियरवाला दारात — शूटिंगचा पीस परत. मेलमध्ये खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. तिने वाचलंच नव्हतं. तिला वाटलं, दिली म्हणजे दिली. विकत घेते म्हणाली, तर पुढच्या मुलीकडे जायचीय म्हणाले, डेट लागलीय. मग इस्त्री करून, काठावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसून, तिने ती साडी पिशवीत भरून दिली. थोरलीला दिलेलं परत घेतलं! पोशीरमध्ये नाही, पळसदरीत नाही, आख्ख्या तालुक्यात कुठल्या धाकलीने असं केलं नसेल. जनाबाई दोन दिवस जेवली नाही. आणि पंधरवड्याने ती साडी फोनवर दिसली, पुण्याची कुणी गोरी-उंच पोरगी नेसलेली, गोल गोल फिरत हसत होती... बिचारीला काय माहीत, ती कुणाचं नेसलीय. भाग्यश्रीने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. काठावर एका जागी लाल डाग राहिला होता.

तेव्हापासून ती शहाणी झाली. कुणी ब्रँडवालं आलं की आधी विचारते, वस्तू माझी की परत? मग विचारते, मला आवडली नाही तर तसं बोलू द्याल का? मग विचारते, माझा चेहरा किती दिवस वापरणार? व्हिडिओवर ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल मी लावणारच, लपवणार नाही, हेही सांगते, आणि जुगाराच्या ॲपवाल्यांना तर तिने असं झापलं होतं की रूपेश हसून हसून लोळला. बायका मला बहीण समजून ऐकतात, त्यांच्या गळ्यात काहीही कशी मारू? हे सगळं तिचं ती शिकली. ठेचकाळत शिकली. पण शहाणपण पुढच्या वस्तूंसाठी असतं. त्या जांभळ्या साडीसाठी काही नव्हतं, आणि ती साडी गेल्यापासून घरात जे सुरू झालं होतं त्यासाठीही नव्हतं.

काय सुरू झालं होतं? सांगायला गेलं तर काहीच नाही. सकाळी उठल्यावर डाव्या हाताला क्रीमचा वास. केवड्यासारखा, जरा आंबूस. पळीने ढवळताना मनगटाला अवघड जात नाही, हे एक दिवस लक्षात आलं तेव्हा तिने खाली पाहिलं, तर पळी डाव्या हातात. सवय होत असेल. माणसाला कशाचीही सवय होते. तिने पळी उजव्या हातात घेतली आणि मनगट दुखायला लागलं.

फोन वाजला. एजन्सीतली ती पोरगी. ब्रँड आणि भाग्यश्री यांच्या मधे बोलणारी, मुंबईची, गोड, कायम घाईत.

"ताई! आज येतंय ना फायनल? क्लायंट खूप एक्साइटेड आहे. वर्षाचं डील आहे ताई, बॉक्सवर तुमचा फोटो, खालापूरच्या टोलजवळ होर्डिंग, फक्त तुम्ही. दुसरं कुणी नाही."

फक्त तुम्ही. दुसरं कुणी नाही. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, हे त्या पोरीला कसं कळणार!

"येतंय," भाग्यश्री म्हणाली. "पण ते वाक्य मला बदलून पाहिजे. लॉकेटचं."

"ताई, तेच तर हायलाइट आहे. तुम्ही नवीन वस्तू त्याला टच करता ना, तिथे लोक थांबतात. मागे नेऊन परत बघतात. ग्राफ असा सरळ वर जातो. म्हणून तर क्लायंटने तुम्हाला निवडलं."

"म्हणजे मला नाही निवडलं."

"अं?"

"काही नाही. अगं, ते लॉकेट नाही. टाक आहे. माझी सवत आहे ती."

ती पोरगी जपून, "म्हणजे... आत्ता असतात त्या?"

"वारली."

"ओके. ओके ताई. खूप सुंदर आहे हे, खरंच, मला काटा आला. पण स्किनकेअर आहे ना, मरणाबिरणाचा अँगल नको म्हणतील. आपण आपलं ‘माझं लकी लॉकेट’ म्हणू या. एकच वाक्य. कुणाला काय फरक पडतो?"

कुणाला काय फरक पडतो... रियाला पडतो. रिया नववीत आहे आणि मला मावशी म्हणते, आणि तिने मला आजवर मिठी मारलेली नाही. पण रोज शाळेला निघताना ती माझ्यापुढे येते, एवढी जवळ की तिच्या केसांतल्या तेलाचा वास येतो, माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरते, कपाळाला लावते आणि त्याला म्हणते, "येते गं." मला नाही, त्याला. तिच्या आईचा आवाज कुठे भरून ठेवलेला नाही, फोटो आहेत ते लग्नातले, मेकअपने कुणाचेही वाटतील असे. पोरीकडे आई म्हणून आहे तो एवढा नखाएवढा पत्रा, आणि तो माझ्या गळ्यात आहे. ती जवळीक माझी नाही, मला ठाऊक आहे. पण ऊब तर माझ्याच गळ्याला लागते ना? ती मुलगी शाळेत फोनवर बघणार, मैत्रिणींच्या घोळक्यात, की मावशी हसत हसत तिच्या आईला लकी लॉकेट म्हणतेय — आणि मग दुसऱ्या दिवशी ती पुढे येईल? येणार नाही. पुढच्या दारातून सरळ निघून जाईल. आणि तिचा काही दोष नसेल.

आणि नाही म्हटलं, तर होर्डिंग नाही. फक्त तुम्ही, दुसरं कुणी नाही, हेही नाही. राहील ते हेच घर, थोरलीने लावलेले डबे, तिने झिजवलेली पळी, आणि गळ्यात ती. सुटका म्हणून नाहीच का कुठे? राग आला तिला, खरा राग, मेलेल्या बाईचा! एक मागलं दार मागितलं होतं मी, तिथेही लोक तुलाच बघायला थांबतात म्हणे.

करारात एक कलम होतं, तिने या वेळी नीट वाचलं होतं: चेहरा, आवाज, हावभाव कंपनीला वर्षभर वापरता येतील. वाचताना तिला हसू आलं होतं. कंपनी बिचारी विचारून तरी मागतेय. वर्षभरासाठी.

दुपारी जनाबाई आत कलंडली, तेव्हा भाग्यश्रीने पाट्या रचल्या, फोन टेकवला, ऊन गालावर तिरपं येईल अशी बसली. डबी उजवीकडे. टाक पदराबाहेर काढलेला. स्क्रीनवर आपला चेहरा बघताना तिला नेहमी जरा परकं वाटायचं, सगळ्यांनाच वाटतं म्हणतात. आज ते परकेपण जरा जास्त वेळ टिकलं. भुवई उचलली तर स्क्रीनवरची भुवई उचलायला किंचित उशीर झाला. फोन जुना आहे. अडकतो.

ती कॅमेऱ्यासमोर शुद्ध बोलायची, शाळेत बाईंसमोर धडा वाचल्यासारखं. तेवढी एक गोष्ट तिने कष्टाने कमावली होती. "नमस्कार मैत्रिणींनो, मी भाग्यश्री, आणि हे माझं मागलं दार. आजचा व्हिडिओ पेड पार्टनरशिप आहे, आधीच सांगते..." इतपत आलं आणि शेतापलीकडून गाडी आली. घाट चढायला कर्जतला मागे जोडतात ती इंजिनं, मागून ढकलत, धापा टाकत, सगळा आवाज खाऊन गेली. भाग्यश्री थांबली. पुन्हा सुरुवात. या वेळी वाक्य आलं, स्पष्ट आलं — "हे माझं लकी लॉकेट" — आणि तोंडात राख धरल्यासारखं झालं. तरी ती हसली. पुन्हा एकदा केलं, जास्त हसून. मग पुन्हा एकदा, का ते तिला कळलं नाही, कारण आधीचं चांगलं झालं होतं. पण हात डबीकडे गेला, टाकाला लागला, गालाकडे आला, ऊन डोळ्यांत शिरलं आणि मधला काही वेळ तिला आठवेना. म्हणजे तिथे काही नव्हतंच, झोपेत असतं तसं. भानावर आली तेव्हा स्क्रीनवर लाल टिपका लुकलुकत होता आणि गाल गार होता, क्रीम लावलेला.

चला, झालं एकदाचं, म्हणत तिने व्हिडिओ बघायला घेतले. लकी लॉकेटवाला चांगला होता. देऊन टाकण्यासारखा. मग शेवटचा लावला.

आधी तिला हात दिसला. स्क्रीनवरची भाग्यश्री क्रीम डाव्या हाताने घेत होती. छे, पुढच्या कॅमेऱ्यात उलटं दिसतं, डावं उजवं होतं, हे तर कालचं पोरही सांगेल — ती स्वतःशीच हसली, आणि मग तिची नजर डबीवर गेली. डबीवरची अक्षरं सुलटी होती. कंपनीचं नाव डावीकडून उजवीकडे, नीट वाचता येईल असं. उलटं काहीच नव्हतं. हात तेवढा डावा होता, आणि त्या हाताचं एक बोट डबीत जाऊन सावकाश, आवडीने, शेवटाला वळून बाहेर येत होतं.

मग ती बाई — मी — टाक हातात धरून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, शुद्ध नव्हे, शाळेतलं नव्हे, अगदी घरातलं, चुलीपुढचं:

"लॉकेट नाय ह्ये. ही मी हाय."

आणि हसली. छान हसली. भाग्यश्रीला तसं हसता येत नाही, तिचे दात पुढे आहेत म्हणून ती ओठ मिटून हसते.

तिने फोन खाली ठेवला. उन्हात बसूनही पाय गार पडले होते. मीच बोलले असणार, दुसरं कोण बोलणार, आत्या आत घोरताहेत. रागात होते, रागात माणूस बरळतं. आवाज माझाच आहे. माझाच आहे ना? तिने पुन्हा लावला. "लॉकेट नाय ह्ये..." आपलाच आवाज बाहेरून ऐकला की कधी कळतं का, तो आपला आहे म्हणून!

"काय गं ते?"

रिया. दप्तर पाठीवरच, घामेजलेली, मागच्या दाराशी. शाळा सुटून कधी आली कळलंच नाही. ती मागच्या दाराने कधी येत नाही.

"काही नाही. शूटिंग."

"परत लाव."

"अगं, चुकलेलं आहे ते, काडून टाकणार—"

"मावशी. परत लाव ना."

भाग्यश्रीने लावला. रिया वाकून बघत होती, फोनकडे नव्हे, कान स्क्रीनशी नेऊन, डोळे मिटून. "लॉकेट नाय ह्ये. ही मी हाय." संपलं. रियाने स्वतःच्या बोटाने मागे नेऊन पुन्हा लावलं. ते बोट भाग्यश्रीने पाहिलं — लांब, निमुळतं, फोटोतल्या आईसारखं, त्या खळगीत बसेल असं. तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं.

"रिया, डबी तू घेत व्हतीस का? खरं सांग, मी नाय रागवणार."

"कुठली डबी?" रियाने पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं. "ईऽ, मला तो वास नाय आवडत." मग अंगठ्याने स्क्रीन पुसत, "आई अशी बोलायची?"

"मला काय माहीत बाळा. मी कुठं ऐकलंय तिला."

"मला पण आठवत नाय," रिया म्हणाली. "मी लई आठवते, पण आवाज येतच नाय. चेहरा येतो, तोंड हलतं, आणि..." मग अचानक खाली बसली, दप्तरासकट, आणि टाक धरायला पुढे झाली, पण टाक धरला नाही. डोकं भाग्यश्रीच्या गळ्याशी टेकवलं आणि तशीच राहिली. "हेच पाठव," पुटपुटली. "दुसरं नको पाठवू. हेच."

भाग्यश्रीला हलता येईना. तेलाचा वास, घामाचा वास, गळ्यावर पोरीचा श्वास, आणि पोरीच्या कपाळाखाली दबलेला टाक... कोमट, त्या पहिल्या दिवसासारखा. ही मिठी कुणाची? तिने मोजायचा प्रयत्न केला, एवढी तिची, एवढी माझी, आणि मोजता येईना. रडू येत होतं आणि ते कुठून येतंय तेही कळत नव्हतं.

फोन थरथरला. एजन्सी. ताई, फायनल पाठवा ना, क्लायंट लाइनवर आहे. खाली दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी, दोन छोट्या चौकटींत दोन चेहरे. लकी लॉकेटवाला पाठवला तर बॉक्सवर मी, होर्डिंगवर मी, दुसरं कुणी नाही — आणि ही पोर उद्या पुढच्या दारातून जाईल. दुसरा पाठवला तर डील गेलं, चॅनेलही कदाचित गेलं. पण तेही राहू दे बाजूला, दुसरा पाठवला तर मीच तोंडाने कबूल केलं, हजारो बायकांसमोर, की इथे बसून बोलणारी... त्यापुढचा विचार तिला करवेना.

तिने दोन्ही चौकटी नीट पाहिल्या. कोणती मी? एकीचे ओठ मिटलेले. एकीचे दात दिसत होते. मघाशी याच दातांनी तिचे पाय गार पडले होते. आता बघताना फक्त एवढंच वाटलं की ही बाई किती दिवसांनी बोलली असेल. सहा-सात वर्षं कढई खरवडली, एवढीशी पोर मागे टाकून गेली, तिला तिथून इथपर्यंत पोचायला माझं तोंड मिळालं. आणि मी तिचं लुगडं पार्सल केलं.

"मावशी, पाठवलंस?" रिया गळ्याशीच पुटपुटली.

"थांब जरा."

शेतापलीकडे आणखी एक गाडी घाटाला लागली होती, मागून ढकलली जात. भाग्यश्रीचा उजवा अंगठा स्क्रीनवर फिरत होता, या चौकटीवरून त्या चौकटीवर, त्याला काही ठरवता येत नव्हतं, आणि तिला कळलं की आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या पत्र्यातल्या बाईला काही दाखवायचं नाहीये, विचारायचं आहे. तिने रियाच्या पाठीवरचा डावा हात हळूच सोडवून घेतला. आणि उजव्या हातातला फोन त्या हाताला दिला — घेतला नाही, दिला — आणि डोळे मिटून वाट बघत राहिली.